मोजणी चालू हाये

राठोड गुरुजींच्या गळ्यातली शिट्टी कधी निघत नसे. लाल गोफात ओवलेली ती पितळी शिट्टी लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, इतकंच काय दाढी करतानाही त्यांच्या छातीवर लोंबत असायची. एकदा मुकुटबनच्या बाजारात न्हाव्याने विनवलं की गुरुजी, जरा काढून ठेवा, वस्तरा गोफात अडकतो. गुरुजींनी डोळे न उघडता सांगितलं, "वस्तरा बाजूनं चालव. शिटी निघत नसते." न्हाव्याने वस्तरा बाजूने चालवला आणि गुरुजी आठवडाभर डाव्या बाजूच्या खुंटांसकट शाळेत आले.

शिट्टीचं व्याकरण सोपं होतं. एक शिट्टी म्हणजे उठा. दोन म्हणजे जेवायला बसा. तीन म्हणजे मोजणी पूर्ण झाली, सगळे जण आहेत, आता कोणी कोणाची काळजी करायची नाही. शाळेत रोज परिपाठानंतर गुरुजी ओळींमधून बोटं नाचवत फिरत आणि शेवटी तीन शिट्ट्या वाजवत. घरी मात्र त्यांचं फारसं चालत नसे. एका शिट्टीवर त्यांची बायको, आमच्या सोनीवहिनी, उठायच्या नाहीत. "मी का तुमच्या शाळेत नाव घातलं काय?" असं म्हणून कूस बदलायच्या.

मी तायडे, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचा. कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेला, त्यामुळे शिट्टीचं मला विशेष काही वाटलं नाही. मुकुटबनच्या पुढे, झरी जामणीच्या वाटेवर एका चार शिक्षकी शाळेत माझी नेमणूक झाली होती. गुरुजी तिथले मुख्याध्यापक. शाळेला लागूनच त्यांचा तांडा होता आणि तांड्याच्या मागे सागाचं जंगल आणि डोंगर.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. लांबलांबच्या गाड्या धुरळा उडवत यायच्या आणि फोटो काढून जायच्या. दिवाळी आली की आमची शाळा विरळ होऊ लागे, कारण पोरांचे आईबाप ऊस तोडायला, विटा पाडायला निघून जात आणि पोरांनाही नेत. गुरुजी ती नावं पटावरून काढत नसत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही बारा मुलं कुठं आहेत, तर गुरुजी अदबीने उभे राहून म्हणाले, "मोजणी चालू हाये, साहेब." साहेबांना काय लिहावं ते कळेना. त्यांनी चहा घेतला आणि गेले.

हे "मोजणी चालू हाये" गुरुजींच्या तोंडात सदैव असायचं. पगार झाला का? मोजणी चालू हाये. पाऊस पुरेल का यंदा? मोजणी चालू हाये.

अशा दिवसांत सहलीला कोण जातं? गुरुजी जात. पण त्याला सहल म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या भाषेत तो 'तळ'. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले, आणि डोंगरातल्या वरच्या तलावाशी त्यांचा मुक्काम पडत असे. दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस गुरुजी त्याच तलावाच्या काठी पाल ठोकत. मी रुजू झालो त्याच वर्षी त्यांनी मला गळ घातली. मलाच नाही, शाळेतल्या दोन्ही बाईंना, टपाल घेऊन येणाऱ्याला, मुकुटबनच्या औषधाच्या दुकानदारालाही घातली. एवढ्या लोकांना घेऊन हा माणूस काय करणार, असा मला प्रश्न पडला. शेवटी आलो आम्ही चौघं: गुरुजी, वहिनी, मी आणि औषधवाला. औषधवाला दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानाची आठवण काढून पळाला.

पाल म्हणजे खताची रिकामी पोती उसवून शिवलेला तंबू. आडवं पडलं की डोक्यावर 'युरिया' हा शब्द उलटा दिसायचा. पण जागा अशी की मन निवून जावं. समोर निळंशार पाणी, मागे सागाचा डोंगर आणि पाण्यात वाकून पाहणारं मोहाचं जुनं झाड. सकाळी पाण्यावरून धुकं निघायचं आणि वहिनींच्या तव्यावरच्या बाटीचा, म्हणजे आपल्या भाकरीचा, वास त्यात मिसळायचा. पुढे मी थंड हवेची चांगली नावाजलेली ठिकाणं पाहिली. तिथल्या हॉटेलात बसून मला तो युरियाचा तंबू आठवतो, हे मी बायकोला सांगत नाही.

तळाचे नियम मात्र शाळेपेक्षा कडक. निघताना चुलीचे तिन्ही दगड काळी बाजू खाली करून पालथे घालायचे आणि मधल्या दगडाखाली पळसाच्या पानात चिमूटभर मीठ बांधून ठेवायचं. मागून येणाऱ्याला बाकी सगळं रानात मिळतं, मीठ मिळत नाही, असं त्यांच्या बापाने सांगून ठेवलेलं. दुसरा नियम त्याहून मोठा. माणूस चुकला तर त्याला शोधत फिरायचं नाही. चुकलेल्याने शेवटच्या तळावर परत यायचं आणि बाकीच्यांनी तिथेच बसून राहायचं. दोघंही हिंडत राहिले तर जन्मात भेट व्हायची नाही, असं गुरुजी सांगत.

या नियमाचा प्रसाद मला पहिल्याच दिवशी मिळाला. लोटा घेऊन गेलो तो भलत्याच पायवाटेला लागलो. दोन तास काटे, करवंदीच्या जाळ्या आणि एका रानडुकराचं ओझरतं दर्शन असं सगळं उरकून, कपडे फाटलेल्या अवस्थेत परत आलो, तर गुरुजी पालासमोर मांडी घालून शांत बसलेले. मला वाटलं, निदान एक हाक तरी मारावी की नाही माणसाने. मी तसं चिडून बोललोही. "हाक ऐकून तुमी आनखी भटकले असते, तायडे," ते म्हणाले. "आले ना तळावर? मंग बसा. चहा थंडा होऊन राह्यला."

वहिनींना हा नियम ठाऊक होता आणि मान्यही होता, हेच खरं दुखणं. त्यांच्या लग्नानंतरच्या वर्षी यवतमाळच्या बाजारात दोघांची चुकामूक झाली. गुरुजी नियमाप्रमाणे बांगड्यांच्या दुकानाशी जाऊन बसले, कारण त्यांच्या मते दोघं शेवटचे तिथे थांबले होते. वहिनी रसवंतीच्या बाकावर बसल्या, कारण त्यांच्या मते शेवटचा मुक्काम रसवंती. दोन्ही दुकानांत पन्नास पावलांचं अंतर आणि मधे कापडवाल्याचा मांडव. दोघं तीन तास बसून होते. बांगडीवाल्याला कणव येऊन त्याने गुरुजींना चहा पाजला आणि गुरुजींनी त्या बदल्यात त्याच्या चार डझन बांगड्या विकून दिल्या. शेवटी कापडवाल्याने मांडव सोडला तेव्हा एकमेकांची तोंडं दिसली. "मी बराबर जागेवर होतो," असं गुरुजी अजून म्हणतात. "मी बी," असं वहिनी म्हणतात.

तळावरच्या दोन गोष्टी मला उमगत नव्हत्या. एक म्हणजे वहिनी दोन ताटं जास्तीची आणायच्या. रोज घासायच्या, उन्हात वाळवायच्या आणि कोणीही त्यात जेवायचं नाही. दुसरी म्हणजे तिथे तिसरी शिट्टी होत नसे. सकाळी एक व्हायची, जेवताना दोन व्हायच्या. मग गुरुजी बोटं नाचवत आम्हाला मोजायचे, आम्ही इनमीन तीन-चार माणसं, आणि शिट्टी ओठाशी नेऊन परत खाली सोडायचे. मी एकदा गमतीने विचारलं की गुरुजी, हिशेब जमत नाही का? ते तलावाकडे पाहत म्हणाले, "मोजणी चालू हाये."

तिसऱ्या वर्षी तळावर आम्ही तिघंच उरलो होतो. गुरुजी लाकडं आणायला गेले असताना वांगी चिरता चिरता वहिनींनी मला सगळं सांगितलं.

गुरुजींना एक धाकटा भाऊ. रामधन. गुरुजी शिकले, नोकरीला लागले; रामधन शेतावर राहिला. मी रुजू होण्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. त्या पावसाळ्यात रामधनने कपाशी तीनदा पेरली आणि तिन्ही वेळा ती मातीत गेली. तिसऱ्या वेळी तांड्याच्या पारावर, नायकासमोर आणि सगळ्या माणसांसमोर, गुरुजी त्याच्यावर घसरले. एरवी आजा-पणजाच्या ओझ्यांचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस, पण त्या दिवशी तेच ओझं त्याने भावाच्या तोंडावर मारलं. तुझ्याने काही होत नाही, तू फक्त दुसऱ्याचं ओझं वाहू शकतोस, असं म्हणाले. रामधन उठला. मग वाहतो, म्हणाला, पण या तांड्यात पुन्हा पाय ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन तो तांडा सोडून मुकादमाकडे गेला आणि दसऱ्यानंतर त्याच्या ट्रकमध्ये बसला. गुरुजींनी तीन कारखान्यांच्या पत्त्यावर पत्रं टाकली. रामधनला वाचता येत नव्हतं, पण कोणाकडून तरी वाचून घेईल अशी आशा. तिन्ही पत्रं परत आली.

"तवापासून हा तळ सुरू झाला," वहिनी म्हणाल्या. म्हणजे मी ज्याला पिढ्यान्पिढ्यांची रीत समजत होतो, ती जेमतेम तीन वर्षांची होती. दोघं भाऊ लहानपणी बापाबरोबर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन बाजाराला जात तेव्हा याच मोहाखाली त्यांचा मुक्काम पडे. तांड्यात पाय ठेवणार नाही म्हणणारा माणूस इथे तरी येईल, असं गुरुजींनी धरलं होतं. चुकलेला माणूस शेवटच्या तळावर येतो.

मी त्या दिवशी गुरुजींना थेट विचारलं, की मग आम्हाला सगळ्यांना कशाला ओढत आणता? हे तुमच्या घरचं आहे. गुरुजी लाकडाची मोळी सोडत होते. बराच वेळ ते गाठीशीच झटत राहिले.

"थो सगळ्याईसमोर आयकला ना, तायडे," ते म्हणाले. "मंग मले माफी बी सगळ्याईसमोरच मांगा लागते. भिया आला आन् अथी कोनीच नसलं, तं मी कोनासमोर मांगू?"

भिया म्हणजे भाऊ. गुरुजी एरवी त्याचं नावही घेत नसत. मला एकदम त्या औषधवाल्याचा राग आला, आणि पहिल्या वर्षी मनातल्या मनात हसणाऱ्या माझाही.

चौथ्या वर्षी आम्ही गेलो तर मोहाच्या झाडाला आग्यामोहोळ लागलेलं. गुरुजी जागा सोडायला तयार होईनात. मधमाश्यांना माणसाच्या शिस्तीचा धाक असतो असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी एक शिट्टी वाजवली. त्यानंतर जे झालं त्यात गुरुजींचा कान, माझी भुवई आणि आमचा युरिया असं तिघांचं नुकसान झालं. आम्ही पदर आणि टॉवेल डोक्यावर घेऊन पळालो. थांबलो तेव्हा वहिनींनी भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि काठाकाठाने पलीकडे चालू लागल्या. पाऊण तास चालून आम्ही समोरच्या काठावर पोचलो. इतक्या वर्षांत गुरुजी त्या बाजूला एकदाही गेले नव्हते. जागा सोडायची नाही, हा नियमच होता ना.

तिथे एका आंब्याखाली सपाट जागा होती. वहिनींनी गाठोडं ठेवलं आणि चुलीसाठी दगड शोधायला वाकल्या. तशाच वाकलेल्या राहिल्या.

तीन दगड आधीच मांडलेले होते. पालथे. वहिनींनी एक उलटला, खालची बाजू काळीकुट्ट. मग गुरुजी पुढे झाले. सुजलेला कान धरलेला हात त्यांनी खाली घेतला आणि मधला दगड उचलला. खाली पळसाच्या पानाची वाळकी पुडी होती, कापसाच्या सुताने बांधलेली. सोडली तर आत मीठ, कोरडं. दसऱ्याला मोठा पाऊस झाला होता, म्हणजे पुडी त्यानंतरची. पुडीच्या खाली मातीत सुताचे आणखी तुकडे होते. पानं कुजली होती, मीठ विरघळलं होतं, गाठी तेवढ्या राहिल्या होत्या. गुरुजींनी त्या बोटाने उकरून तळहातावर घेतल्या.

"बापाची गाठ हाये," ते म्हणाले. "आमा दोघाईलेच येते." मग मोजल्या. पुडीची धरून चार.

चार वर्षं. म्हणजे रामधन पहिल्याच वर्षी आला होता. ऊसतोडीचे ट्रक दसऱ्यानंतर सुटतात. ट्रकमध्ये बसण्याआधी तो बायकोला घेऊन येत असणार. आणि आम्ही दिवाळीच्या सुट्टीत. तो या काठावर, आम्ही त्या काठावर, मध्ये पाणी आणि पंधरा-वीस दिवस.

गुरुजी खाली बसले. पण तळ तर तिकडे होता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बंड्या तर मोहाखालीच सोडायचो.

वहिनी त्यांच्याजवळ बसल्या. "तुमी सोडत होते," त्या म्हणाल्या. "मंग तुमी शिकाले गेलते ना. त्याच्या बाद हा इकडचा रस्ता झाला. बाप आन् थो इकडंच उतरत असन. त्याचा शेवटला तळ हाच हाये, गुरुजी. तुमाले कसं मालूम राहीन? तुमी नव्हते तवा."

मी गुरुजींना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना रडायचीही सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट रडले. वहिनी बांगड्यांच्या दुकानाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. मला ते आठवलं होतं, त्यांनाही आठवलंच असणार.

पुढच्या वर्षी गुरुजींनी नोकरीतली पहिली किरकोळ रजा काढली. अर्जात कारण लिहिलं, "चुकलेला माणूस येणार असल्याने तळावर बसणे." केंद्रप्रमुखांनी अर्ज दोनदा वाचला आणि घरगुती कारण असं लिहून आणा म्हणाले. गुरुजी म्हणाले, हे घरगुतीच आहे. रजा मंजूर झाली. मीही टाकली आणि शाळा दोन्ही बाईंच्या हवाली केली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तलावावर होतो. आता गुरुजींपुढे नवाच पेच उभा राहिला. तो आंब्याखाली येईल, हे खरं. पण समजा, यंदा त्याच्याच मनात आलं की दादाचा तळ मोहाखाली, तर? दोन्ही काठांवर माणूस हवा. मोहोळ झडलं होतं. तेव्हा गुरुजी आणि वहिनी आंब्याखाली, आणि मोहाखाली मी एकटा, ठिगळं लावलेल्या युरियात, मिठाची पुडी आणि दोन दिवसांच्या भाकरी घेऊन. रामधन आला तर काय करू, मी विचारलं. "बसवा आन् चहा पाजा," गुरुजी म्हणाले. "माफीचं तुमी काई बोलू नोका. थे माह्यं काम हाये."

तीन दिवस मी त्या काठावर बसून होतो. पलीकडच्या धुरावरून त्यांचा स्वयंपाक कळायचा. सकाळी पाण्यावरून एक शिट्टी यायची, मी उठायचो. दुपारी दोन यायच्या, मी भाकरीचं फडकं सोडायचो. दुसऱ्या दिवशी वहिनी येऊन ताजी भाकर देऊन गेल्या. कोणी आलं का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवलो आणि मला वाटायला लागलं की आता काही खरं नाही. आता गुरुजींची समजूत कशी घालायची, याची मी मनात वाक्यं जुळवायला लागलो.

उन्हं कलायला लागली होती. मी चहाचं भांडं घासत होतो तेव्हा पलीकडून शिट्टी आली. एक. ही उठायची वेळ नव्हती. मग दुसरी. ही जेवायचीही वेळ नव्हती. मी राखेचा हात तसाच धरून उभा राहिलो.

तिसरी यायला जरा वेळ लागला. बहुतेक त्यांना फुंकता येत नसावं.

मी मोठमोठ्याने, एकटाच, मोजलं. गुरुजी, वहिनी, रामधन, त्याची बायको. चार. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी या काठावर असतानाच गुरुजींनी मोजणी पूर्ण केली होती. म्हणजे मला त्यांनी आधीच धरलं होतं.

मी चूल विझवली, दगड पालथे घातले, मधल्याखाली मीठ ठेवलं. घाईत पुडीची गाठ काही नीट बसली नाही. भाऊ समोर बसला असला तरी गुरुजी अजून एक शब्द बोलले नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना माफी मागायची होती ती लोकांसमोर, आणि त्या अख्ख्या डोंगरात लोक म्हणजे मी एकटाच होतो. मी चपला हातात घेतल्या आणि काठाकाठाने पळत सुटलो.